बेघर मनोरुग्ण आणि कायद्याची भाषा

कायद्याचे कलम म्हणजे साहित्य नव्हे, हे खरेच. परंतु ज्या वाक्याच्या बळावर माणसाला रस्त्यावरून उचलून भिंतीआड नेता येते, ते वाक्य साहित्यकृतीइतक्याच बारकाईने वाचले जावयास हवे. रस्त्यावर आढळणाऱ्या मनोरुग्णासंबंधी भारतात १९१२, १९८७ व २०१७ या वर्षी झालेले तीन कायदे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत.

१९१२ च्या कायद्याने पोलीस अधिकाऱ्यास अशा माणसाला 'अटक' करण्याचा अधिकार दिला होता. १९८७ मध्ये 'अटक' जाऊन 'संरक्षणात घेणे' आले. २०१७ मध्ये अधिकाराचे कर्तव्य झाले. क्रियापदाची ही उन्नती मान्य केलीच पाहिजे. नामही पालटले, 'ल्यूनॅटिक'च्या जागी 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' आली. परंतु 'वाँडरिंग ॲट लार्ज' हे विशेषण मात्र १०५ वर्षांत जागचे हलले नाही. मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द 'मोकाट' हा होय, आणि तो प्रथम आठवतो तो गुरांच्या संदर्भात. मोकाट म्हटले की दावे सोडणारा कोणी धनी गृहीत धरला जातो.

हेच गृहीत २०१७ च्या कायद्यात अन्य रूपाने पुन्हा येते. कलम १०० अन्वये बेघर रुग्णाबाबत 'हरवलेली व्यक्ती' अशी नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावयाचा असतो. हरवलेला म्हटला की कोणाचा, हा प्रश्न मराठीत आपोआप उभा राहतो. काही रुग्णांबाबत त्याला उत्तर आहेही; कर्जत येथील श्रद्धा पुनर्वसन केंद्राने कित्येकांना दूरदूरच्या गावी पोहोचविले, आणि त्या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु ज्याला घरच्यांनीच नाकारले, त्याला हरवलेला म्हणणे हा निव्वळ शिष्टाचार झाला. विशेष असे की, हाच कायदा कलम १९ मध्ये ती वस्तुस्थिती जाणतो: कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही.

तत्त्व निर्दोष आहे. मग असा माणूस राहणार कोठे? त्याच कलमात शासनाने अर्धवाट-गृहे, गटनिवास इत्यादी 'वाजवी कालावधीत' उभारावीत, असे म्हटले आहे. पोलिसांना रुग्ण आरोग्यसंस्थेत पोहोचविण्यास २४ तास, आणि शासनाला घर उभारण्यास 'वाजवी' काळ! संस्था-विरोधी भूमिकेची खरी दुर्बलता या एका विशेषणात आहे.

अर्थात, जुन्या भिंतींची भलावण करण्यासही येथे जागा नाही. ऑगस्ट २००१ मध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण आगीत मरण पावले. ते शासकीय रुग्णालय नव्हते. दर्ग्याच्या परिसरातील एक खाजगी निवासस्थान होते. अधिकृत संस्थेची दारे मिटली म्हणजे संस्था संपत नाही, ती नजरेआड जाते. 'असायलम' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ, जेथे कोणी हात लावू शकत नाही असे स्थान. तो अर्थ ना एरवाडीच्या साखळीत होता, ना पदपथावर आहे. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने बऱ्या झालेल्या, परंतु परतण्यास घर नसलेल्या स्त्रियांना साध्या वस्तीत, भाड्याच्या घरांत चारपाच जणींनी मिळून राहण्याची सोय केली आहे. त्या स्त्रियांना लागू पडेल असे नाम तिन्ही कायद्यांत नाही.