हरणाऱ्याचं नाव

गाझाच्या एनियसने पाचव्या शतकाच्या अखेरीस ग्रीकमध्ये लिहिलेल्या संवादाचं नाव ‘थिओफ्रास्टस’. हे नाव वादात हरणाऱ्याचं आहे. युक्सिथिअस हा सीरियाचा ख्रिस्ती माणूस अथेन्सला निघालेला असतो. वारा उलटतो आणि गलबत अलेक्झांड्रियाला लागतं. तिथला जुना मित्र त्याला थिओफ्रास्टस या अथेनियन तत्त्वज्ञाकडे नेतो आणि वाद रंगतो : आत्मा देहाच्या आधी होता का, तो पुन्हा जन्मतो का? घडण प्लेटोच्या संवादांची आणि खंडन प्लेटोच्याच वारसांचं, ही यातली पहिली गंमत.

दुसरी गंमत गाढवाची. पापी माणूस पुढच्या जन्मी खरोखर गाढव होतो, की गाढवाच्या स्वभावाचा माणूस? प्लेटोच्या या वारसांपैकी प्लोटायनस पहिलं मानतो. पॉर्फिरी आणि यांब्लिकस दुसरं. तुमच्यातच एकमत नाही, हे एनियस मिस्कीलपणे दाखवून देतो.

पण संवादाचा गाभा शिक्षेच्या प्रश्नात आहे. मुलाला किंवा नोकराला शिक्षा करायची तर आपण त्याचा अपराध त्याला आधी नीट सांगतो. मग ज्या जन्माची आठवणच नाही, त्याची शिक्षा भोगून माणूस सुधारणार कसा? कर्मविपाक ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा सवाल थेट झोंबतो. अर्थात डिलाईल रोडच्या चाळीतल्या एखाद्या माळकऱ्याने भजन आटोपता आटोपता विचारलं असतं, “आईच्या पोटातले नऊ महिने तरी तुला कुठे आठवतात? म्हणून काय तू तिथे नव्हतास?” थिओफ्रास्टस इतका चिवट नाही. एनियसने त्याला सभ्य केलं आणि तिथेच दुबळंही केलं.

शेवटाकडे युक्तिवाद बाजूला पडतो आणि चमत्काराची साक्ष पुढे येते. व्हँडल राजा ह्युनेरिकने जिभा छाटलेली माणसं स्पष्ट बोलताना आपण पाहिली, तोंड उघडून मुळापासून जीभ नसल्याची खात्री केली, असं युक्सिथिअस सांगतो. अंगावर काटा येतो. पण पुनर्जन्माचं खंडन त्याने होत नाही. थिओफ्रास्टस मात्र प्लेटोच्या अकादमीचा निरोप घेतो.

1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माचे कैवारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात असाच वाद जुंपला. मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्याचं इंग्रजी पुस्तक काढलं. इथे प्रतिपक्षी हाडामांसाचा होता आणि त्याच्या हातातही लेखणी होती : 1859 मध्ये विष्णुबावांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ आला. थिओफ्रास्टसला असं पुस्तक लिहिता आलं नाही. कलाकृती म्हणून एनियसचा संवाद सरस. वाद म्हणून वाचायचा तर किनाऱ्यावरचाच वाचावा.