फणा काढलेला नाग काय शिकवतो?

तळेगाव ढमढेरे येथील एका शाळेत गेल्या श्रावणात 'सापांची ओळख' नावाचा कार्यक्रम झाला. तिथल्या विज्ञानाच्या शिक्षकांच्या आग्रहावरून मीही गेले होते. पटांगणात चुन्याने आखलेल्या चौकोनात बाहेरगावच्या एका सर्पमित्राने कापडी पिशव्यांतून एकामागून एक नाग, धामण आणि मांडूळ बाहेर काढले. गृहस्थ बोलणारे चांगले होते. साप दूध पीत नाही, डूख धरत नाही, हे त्यांनी मुलांना हसतखेळत पटवून दिले. तासाभरात मुलांची भीती बरीच कमी झाली असावी. तरीही शिक्षणाचा कार्यक्रम म्हणून तो मला अपुरा वाटला, आणि एका जागी तर चुकीचा.

परवानगीशिवाय साप बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग ते शाळेत दाखवण्यासाठी का असेना. मुख्याध्यापकांनी हे आधीच विचारायला हवे होते. पण माझा मुख्य आक्षेप कायद्याचा नाही.

नाग चौकोनात सोडला की फणा काढून उभा राहतो आणि समोरच्या हाताच्या हालचालीबरोबर वळत राहतो. टाळ्या पडतात. फणा हे घाबरलेल्या नागाचे लक्षण आहे. पळायला वाट असली तर तो पळतो. वाट नसली की अंग उंच करून, मानेच्या फासळ्या फाकवून 'दूर राहा' असे सांगतो. म्हणजे मुलांनी तासभर नागाची घाबरण्याची एक तऱ्हा पाहिली. तो भक्ष्य कसे शोधतो, ऊन-सावली कशी निवडते, कात टाकण्याआधी कुठे दडतो, यातले काहीच त्या चौकोनात दिसणे शक्य नव्हते.

शेवटी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "नागाची पिल्लं कोण सांभाळतं?" उत्तर आले, "कुणीच नाही. मादी अंडी घालते आणि निघून जाते." बहुतेक सापांबाबत हे खरे आहे, नागाबाबत नाही. नागाची मादी साधारणपणे एप्रिल ते जुलै या काळात उंदराच्या बिळात किंवा वारुळात बारा ते तीस अंडी घालते आणि ती उबेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, सहसा त्यांच्याजवळ राहते. त्या तासातला हा सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि पिशवीतल्या नागाचा त्याचे उत्तर द्यायला काही उपयोग झाला नाही.

नागपंचमीच्या आधीचे आठवडे हे नेमके या राखणीचे दिवस असतात. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला पूर्वी याच दिवसांत नाग पकडून मिरवणुकीपर्यंत मडक्यांत ठेवत. न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या मिरवणुका थांबल्या. २०२५ मध्ये केंद्र सरकारने तिथे मर्यादित संख्येने नाग पकडण्याची परवानगी दिली, ती शिक्षणाच्या कारणासाठी. पकडलेल्यांत अंड्यांवरून उठवलेली मादी असली, तर ती मुलांना काय शिकवणार?

पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले. छेडले नाही तर साप चावत नाही, हे त्यांना दाखवायचे होते आणि ते त्यांनी निर्विवाद दाखवले. त्या काळी दिसला साप की मार, अशी स्थिती होती. तेव्हा या धाडसाचे मोल मी कमी लेखत नाही. पण ७२ साप एका खोलीत असताना एकही साप सापासारखा वागत नसतो. ते प्रात्यक्षिक माणसाच्या भीतीबद्दल होते. त्यापुढची पायरी आपण अजून नीट चढलेलो नाही.

बंदिवासातला साप शिकवू शकतो, पण त्यासाठी त्याला त्याचे काम करू द्यावे लागते. अजगराची मादी अंडी उबवते ही गोष्ट एके काळी युरोपातले विद्वान मानायला तयार नव्हते. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंड्यांभोवती वेटोळे घातले. तिला न उठवता व्हालांसिएन यांनी तिचे तापमान मोजले; ते भोवतालच्या हवेपेक्षा जास्त भरले. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील ब्रह्मी अजगरावरच्या, १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कारणही स्पष्ट झाले: हवा गार होईल तशी मादी स्नायू अधिक वेळा आखडते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. या दोन्ही ठिकाणी माणसांनी मुख्यतः मादीला हात लावण्याचे टाळले होते!

चेन्नईजवळ १९७८ मध्ये स्थापन झालेली इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था प्रतिविषासाठी विष पुरवते. तिथे साप थोडी वाळू घातलेल्या, तोंडाला कापड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवतात. काही आठवड्यांत ठरावीक वेळा विष काढून त्यांना पुन्हा रानात सोडतात. मडके अंधारे, थंड आणि अंगाला भिडणारे, म्हणजे बरेचसे बिळासारखे. पाहणाऱ्याच्या सोयीची काच सापाला सोयीची नसते.

आता प्रजननाबद्दल. 'पकडलेल्या घोणशीला तीसेक पिल्ले' अशी बातमी अधूनमधून येते आणि ती उत्तम संगोपनाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. घोणस पिल्लांना जन्म देते हे खरे, पण मादी पकडतानाच गाभण असेल तर त्यात संगोपनाचे श्रेय काय? नर-मादी बंदिवासातच जुळली, ऋतूप्रमाणे तापमान बदलले, पिल्ले जगून खाऊ लागली, तर तो दावा खरा. याउलट पायाच्या खोदाईत सापडलेली अंडी वाचवणारे सर्पमित्र मला अधिक मोलाचे काम करताना दिसतात. जाणकार सर्पमित्र अंडे उचलण्यापूर्वी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतो. कोंबडीचे अंडे फिरवावे लागते. सापाचे फिरवले तर कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटलेला गर्भ दगावू शकतो. सातवीच्या वर्गात या एका खुणेवर पूर्ण तास घेता येईल.

सहल कात्रजच्या सर्पोद्यानात (स्थापना १९८६) किंवा आणखी कुठे गेली, तर मुलांना 'साप दिसला का?' असे विचारू नये. लपायला जागा आहे का, एक कोपरा उबदार आणि दुसरा थंड आहे का, साप कुठे बसला आहे आणि तिथेच का, हे वहीत लिहायला सांगावे. साप दिसलाच नाही तर तीही नोंद करावी.

तळेगावच्या त्या शिक्षकांना मी हेच लिहून कळवले. त्यांनी वर्गात विचारले तेव्हा निम्म्या मुलांनी बांधावर दोन धामणी एकमेकींना वेढे घालून उभ्या राहिलेल्या पाहिल्या होत्या आणि सगळ्यांनी ते मीलन समजले होते. बहुधा ती दोन नरांची झुंज असते. पुढच्या आठवड्यात मुलांनी वेळ नदीकाठच्या उसातून कातीचे चार तुकडे आणले. त्यांतल्या एकाला डोक्याचा भाग शाबूत होता. साप डोळा मिटत का नाही, हा प्रश्न त्यांनी मला पत्राने विचारला, आणि सोबत डोळ्यावरची ती गोल, पारदर्शक चकती कागदात घडी करून पाठवली.