जिभेची गाठ आणि बाईचे मौन

नाटक-सिनेमात तोतरे पात्र आले की प्रेक्षक हसायला तयार असतो. फार तर त्याची कीव करतो. पण हे पात्र जवळजवळ नेहमी पुरुष असते. तोतरी स्त्री सहसा विनोदातही दिसत नाही आणि शोकांतिकेतही. ती गेली कुठे, या प्रश्नासाठी आम्ही दोन इंग्रजी पुस्तके शेजारी ठेवून वाचली.

पहिले पुस्तक म्हणजे फिलिप रॉथ यांची 'अमेरिकन पास्टोरल' (१९९७) ही कादंबरी. नायकाची मुलगी मेरी लहानपणापासून तोतरी. आई एकेकाळची 'मिस न्यू जर्सी', बाप नामांकित खेळाडू आणि यशस्वी कारखानदार. मानसोपचारतज्ज्ञ निदान करतो की, देखण्या आईशी स्पर्धा करता येत नाही म्हणून मुलीने तोतरेपणाचे हत्यार उपसले आहे. बाप या निदानावर चिडतो. येथपर्यंत रॉथ मुलीच्या बाजूचे वाटतात. पण पुढे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात मेरी बॉम्ब लावते, माणूस मरतो, ती परागंदा होते आणि तिची जीभ मोकळी होते. बापाला ती पुन्हा भेटते तेव्हा तिने जैन आचार स्वीकारलेला असतो, तोंडावर फडके असते आणि बोलणे अस्खलित असते. बापाने नाकारलेले निदान कथानकाने असे मागच्या दाराने आत घेतले आहे. तोतरेपणा म्हणजे दाबलेला राग, आणि रागाला वाट मिळाली की तोही जातो, हा अर्थ वाचकाच्या मनात पक्का बसतो.

कादंबरीची ताकद आम्ही नाकारत नाही. बापाची तडफड रॉथ यांनी विलक्षण सच्चेपणाने रंगवली आहे. पण मेरी आपल्यापर्यंत पोचते ती दोन पुरुषांच्या नजरेतून. निवेदक लेखक बापाची कल्पना करतो आणि बाप मुलीकडे पाहतो. उपचाराचा भाग म्हणून मेरीला तोतरेपणाची रोजनिशी लिहायला लावलेली असते. त्या वहीच्या जागेवरून ही कादंबरी लिहिली असती तर ती वेगळी झाली असती.

विज्ञानानेही त्या निदानाला आधार दिलेला नाही. तोतरेपणाचे मूळ मेंदूतील वाचाप्रक्रियेत आणि आनुवंशिकतेत शोधले जाते. २०१० साली त्याच्याशी निगडित जनुकांतील बदल प्रथम उजेडात आले, तेही पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून. प्रौढांमध्ये शंभरात सुमारे एक व्यक्ती तोतरी असते आणि चार पुरुषांमागे एक स्त्री असे ढोबळ प्रमाण सांगतात. बालपणीच तोतरेपणा सुटण्याचे भाग्य मुलींना अधिक लाभते. ज्यांचा सुटत नाही, त्यांना आपल्यासारखी दुसरी बाई भेटणेही कठीण.

दुसरे पुस्तक कॅथरीन प्रेस्टन यांचे आत्मकथन, 'आउट विथ इट' (२०१३). सातव्या वर्षापासून अडखळणारी ही इंग्लंडची लेखिका वर्षभर अमेरिकाभर फिरून शंभराहून अधिक लोकांशी बोलते. निघते ती इलाज शोधायला आणि पोचते स्वीकारापाशी. शेवटाकडे पुस्तक जरा घाईने सुखान्त होते, शिवाय असा प्रवास परवडणाऱ्या वर्गाचे हे कथन आहे. तरीही येथे तोतरेपणा कशाचे प्रतीक नाही. तो रोजच्या जगण्यातला भाग आहे.

या रोजच्या जगण्यात लपवण्याचे कष्ट फार मोठे असतात. येणारा शब्द अडणार हे आधीच कळते आणि त्याच्या जागी दुसरा घातला जातो. बाजारात 'बटाटे' अडले की 'कांदे' घेऊन परतायचे. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. म्हणून नाव विचारले जाण्याचीच धास्ती.

आपल्याकडे हे लपणे फार सोपे आहे, कारण गप्प मुलगी समाजाला आवडते. मुलगा बोलत नसेल तर घर काळजीत पडते. मुलगी बोलत नसेल तर ती शालीन ठरते. निकाहच्या वेळी 'कबूल आहे का?' या प्रश्नावर मुलगी थांबली, तर लाजली असे समजून बायका तिच्या वतीने मान डोलावतात. तिच्या ओठांवर 'कबूल' अडले होते की 'नाही', हे कोणी विचारत नाही. मौनाला संमती मानणाऱ्या समाजात अडलेल्या जिभेची किंमत बाईला अशी मोजावी लागते.

कुरआनातील सूरह ताहामध्ये हजरत मूसा आपल्या जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ मागतात आणि भाऊ हारून यांची सोबतही मागतात. जिभेच्या गाठीमुळे त्यांच्यावरची जबाबदारी काढून घेतली गेली नाही. त्यांचे बोलणे ऐकले गेले. तोतऱ्या स्त्रीच्या वाट्याला असा श्रोता अजून आलेला नाही. मराठीत तिची कथा लिहिली जाईल तेव्हा शेवटी तिची जीभ मोकळी करून दाखवण्याचा मोह लेखकाने टाळावा. तिला अडखळत बोलू द्यावे आणि तिचे वाक्य मध्येच कोणी पुरे करू नये, एवढी अपेक्षा आम्ही ठेवतो.