तळाचा पेला

‘आप की कसम’ (१९७४) मधलं राजेश खन्ना-मुमताजचं शिवरात्रीचं गाणं मला फार आवडतं. तक्रार आहे ती मापाची. गाणं संपायच्या आत सगळे सारखेच झिंगतात! अहो, पोटात गेलेली भांग चढायला कधी तास, कधी दोन तास लागतात. शिवाय तिचा अर्क पाण्यात विरघळत नाही, दुधातल्या स्निग्धाला धरतो. वाटलेला पाला तळाशी बसतो.

इंदूरला सासुरवाडीत मेहुण्यानं थंडाई न ढवळताच वाढली. वरचा पेला जावई म्हणून मला. “काहीच होत नाही बुवा,” म्हणत सासऱ्यांनी तळाचे दोन रिचवले. मध्यरात्री ते स्वतःचे हात शोधू लागले. डॉक्टर येईपर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दिग्दर्शकानं निदान एक पळीवाला तरी दाखवायचा!