भोंगा वाजला, रिले का चालला नाही?

धोक्याचा भोंगा वाजताच रिलेने मोठा दिवा लावावा, हा विज्ञान प्रदर्शनातला आवडता प्रकल्प. मात्र भोंग्याच्या तारा थेट रिलेला जोडणारा आराखडा सदोष होय. पिझो भोंग्याला मिळणारा विद्युत संकेत सेकंदाला सुमारे ३००० वेळा कंप पावतो. रिलेची पट्टी हलायलाच काही मिलिसेकंद लागतात. शिवाय १२ व्होल्टच्या, ४०० ओहम कॉइलला ३० मिलिअँपिअर प्रवाह हवा. म्हणून डायोडने संकेत एकदिश करावा, कपॅसिटरने स्थिर करावा आणि ट्रान्झिस्टरकरवी रिले चालवावा. कॉइलला समांतर उलटा डायोड नसेल, तर रिले बंद होताना उसळणारे विभवांतर ट्रान्झिस्टर निकामी करू शकते. दिवा लागला एवढ्यावर गुण देऊ नयेत. प्रत्येक भाग कशासाठी, हे विद्यार्थ्याला विचारावे.