मॅडिसन अव्हेन्यूवरचा ढोल

ढोल-ताशा ही रस्त्याची कला आहे. सभागृहातही ती वाजते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाची सुरुवात हल्ली ढोल-ताशाच्या गजराशिवाय झाल्यासारखी वाटत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण सभागृहात पाच-सात मिनिटांनी निवेदक पुढचा कार्यक्रम जाहीर करतो आणि वादक विंगेत निघून जातात. ढोलाचा खरा कस लागतो तो कमरेला ढोल बांधून चालताना. पाय चालत असताना हात ठेक्यात ठेवायचा, पुढची माणसं थांबली की जागेवर उभं राहून वाजवायचं, ती सरकली की तुटलेली रांग वाजवता वाजवताच सांधायची. अमेरिकेत हे शिकायला आपल्याला पुण्यातल्या मिरवणुकांचा लक्ष्मी रस्ता नव्हता. तो न्यूयॉर्कच्या परेडनं दिला. म्हणून मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेत आपल्या ढोल-ताशा पथकाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा मी परेडबद्दलच लिहायचं ठरवलं, तिथल्या त्रासासकट.

न्यूयॉर्कची इंडिया डे परेड १९८१ साली सुरू झाली. फेडरेशन ऑफ इंडियन असोसिएशन्स ती भरवते. परेड ऑगस्टमधल्या एका रविवारी असते, बहुधा तिसऱ्या. मॅडिसन अव्हेन्यूवर ३८व्या रस्त्यापासून २७व्या रस्त्यापर्यंत चालायचं. अंतर जेमतेम एक किलोमीटर. एरवी या अव्हेन्यूवरून गाड्या एकाच दिशेनं, उत्तरेकडे धावतात. त्या दिवशी आपण दक्षिणेकडे चालतो, म्हणजे रस्त्यावरचे सगळे दिवे आपल्याकडे पाठ करून उभे असतात. पहिल्यांदा येणाऱ्या वादकाला मी हे आवर्जून दाखवतो. एवढं मोठं शहर आपल्यासाठी उलटं फिरलं आहे, हे त्याला तेवढ्यानं कळतं.

लोकांना दिसतं ते चालणं. त्याआधी थांबणं असतं आणि ते फार मोठं असतं. मंडळांना मॅडिसनला मिळणाऱ्या आडव्या गल्ल्यांत जागा नेमून दिलेली असते. सकाळी तिथे पोचायचं, ढोल उतरवायचे, फेटे बांधायचे, नऊवारीच्या निऱ्या पुन्हा एकदा खोचायच्या आणि आपला नंबर लागेपर्यंत उभं राहायचं. सावली असते ती इमारतीची, आणि ती सरकत जाते. डांबर तापतं. स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारत दोन-तीन जणी हॉटेलांची दारं ठोठावत फिरतात. लहान मुलं कंटाळतात, मोठी माणसं मोबाइलमध्ये शिरतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हात थंड पडतात. सरावानं तापलेला हात तासभर रिकामा राहिला की पहिले दहा ठोके जड जातात. आमच्या ताशेवाल्यांनी यावर उपाय काढला आहे. ते फुटपाथच्या कठड्यावर बसून काड्या नुसत्या मांडीवर चालवत राहतात. आवाज नाही, फक्त मनगटं हलत असतात. ताशाची ही तर्री, म्हणजे काड्यांचे सलग जलद ठोके, मांडीवर घोटणारी माणसं बघितली की पथकाचा कणा कोण आहे ते समजतं.

मग नंबर लागतो, ध्वज उचलला जातो, आणि गल्लीतून अव्हेन्यूवर वळताना पहिला ठोका पडतो. दोन्ही बाजूंना दगडी आणि काचेच्या उंच भिंती, मधे रस्ता. पुण्यातल्या जुन्या पेठांतही असा आवाज घुमतो, पण इथे भिंती वीस-वीस, तीस-तीस मजले वर जातात. ठोका भिंतीवर आपटून वरून परत येतो. तो ऐकताना छातीत जे होतं त्यासाठी मी सकाळपासूनचं सगळं उन्हातलं थांबणं आनंदानं मान्य करतो.

याच भिंती वादकाची परीक्षाही घेतात. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आपलं पथक तीस मीटर लांब पसरलं, तर पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा अकरावा भाग लागतो. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण शेवटच्या वादकानं कानावर विसंबून ठोका टाकला, तर तो तेवढा उशिरा पडतो आणि परत पुढे पोचेपर्यंत दुप्पट उशिराचा झालेला असतो. त्यात भिंतीवरून येणारा घुमारा मिसळला की दोन पथकं वाजत असल्यासारखं ऐकू येतं. म्हणून चालत्या पथकात कानापेक्षा डोळ्यांवर भर द्यावा लागतो. ताशे मधोमध, दोन्ही बाजूंना ढोलांच्या रांगा, आणि मागच्या प्रत्येकाची नजर पुढे हात उंच धरून झांज वाजवणाऱ्यांवर. झांज मिटताना दिसली की ठोका टाकायचा. हे सभागृहात कधीच शिकता आलं नसतं. तिथे सगळे एका रेषेत, एकमेकांच्या जवळ उभे असतात.

आता अडचणी. आपली परंपरा चौकात थांबून वाजवण्याची आहे. हात, म्हणजे ठेक्यांची ठरलेली रचना, चढत जातो, ताशा खुलतो, ढोल त्याला उत्तर देतात, लोक कडं करून उभे राहतात. परेडमध्ये असं थांबता येत नाही. पुढच्या चित्ररथात आणि आपल्यात अंतर पडलं की स्वयंसेवक धावत येतात आणि पुढे सरका म्हणून सांगतात. त्यांचंही बरोबरच आहे, पोलिसांनी रस्ता ठरावीक वेळेपुरताच दिलेला असतो. पण नेमका हात रंगात येतो आणि पळत जाऊन अंतर भरावं लागतं. ढोल बांधून पळणं ही काय गोष्ट आहे ते पळल्याशिवाय कळत नाही. आठ-दहा किलोंचा ढोल मांड्यांवर आदळतो, कमरेचा पट्टा सरकतो, आणि तरीही एका बाजूला टिपरूची काठी आणि दुसऱ्या बाजूला थाप चालूच ठेवावी लागते. पुढच्या चित्ररथावर मोठाले स्पीकर असले तर आणखी कठीण. त्यांचं चित्रपटगीत एका लयीत, आपला हात दुसऱ्या लयीत. अशा वेळी चित्ररथ आणि आपण यांच्यात थोडं अंतर राखणं हाच इलाज, आणि स्वयंसेवकांना नको असतं ते नेमकं तेच अंतर. ही ओढाताण दर वर्षी होते. यावर आमच्या पथकानं खास चालण्याचे हात बसवले आहेत. छोटे, आठ-आठ मात्रांत पुरे होणारे, कुठेही तोडता आणि कुठूनही उचलता येणारे. पुण्याच्या जाणकाराला ते अपुरे वाटतील. मला ते या रस्त्यानं घडवलेले हात वाटतात आणि त्यांचा अभिमान वाटतो.

शरीराचं दुखणं वेगळं. बोटांना फोड येतात, तळहात लाल होतो, कमरेवर पट्ट्याचा वळ उठतो, नऊवारीखाली घातलेल्या स्पोर्ट्स शूजमध्ये पाय सुजतात. कानांचा प्रश्न आपण फार काळ दुर्लक्षित ठेवला. ताशाशेजारी तासभर चालणाऱ्यानं कानांत बोळे घालायलाच हवेत आणि लहान मुलांसाठी तरी ते सक्तीचे करायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. फेट्याखाली ते दिसतही नाहीत.

आणखी एक अवघडलेपण आहे, ते बोलून दाखवलं जात नाही. परेड देशाची आहे. तिथे गुजराती गरबा असतो, पंजाबी ढोल आणि भांगडा असतो, तेलुगू आणि तमिळ मंडळं असतात, मोठमोठ्या प्रायोजकांचे फलक असतात. आपलं वाद्य बहुतेकांच्या मनात गणपतीच्या मिरवणुकीशी जोडलेलं. स्वातंत्र्यदिनाच्या परेडमध्ये ते शोभतं का, असा प्रश्न आपल्याच काही ज्येष्ठांनी बैठकीत विचारला होता. मला तो प्रश्न आदरानं घ्यावासा वाटतो, पण उत्तर माझ्या मनात पक्कं आहे. ढोल आणि लेझीम गावच्या जत्रेत होते, तालमीत होते, शिवजयंतीत होते. १९८२च्या दिल्लीच्या एशियाडच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम साऱ्या देशासमोर नाचली. मुळशी-मावळातल्या गावांतून पुण्यात आलेल्या या वादनाला ज्ञान प्रबोधिनीसारख्या शाळांनी शिस्तीच्या पथकाचं रूप दिलं आणि मुलींच्या कमरेलाही ढोल बांधला. त्या बदलाचं फळ आज मॅडिसनवर दिसतं. आमच्या पथकात बायका पुरुषांच्या बरोबरीनं आहेत आणि रांगेची शिस्त बहुतेक वेळा त्याच राखतात. गावाकडे आजोबांनी ज्या ढोलाला घरातल्या बाईचा हात लागू दिला नसता, तो इथे नात वाजवते.

एक गोष्ट मला दुसऱ्याच एका परेडमध्ये बघायला मिळाली. क्वीन्समध्ये रिचमंड हिल नावाचा भाग आहे. गयाना आणि त्रिनिदादहून आलेली भारतीय वंशाची माणसं तिथे मोठ्या संख्येनं राहतात. होळीच्या सुमारास त्यांची फगवा परेड निघते. तिथे मी ‘तासा’ ऐकला. खांद्यावरून गळ्यात अडकवलेलं, वाडग्याच्या आकाराचं चामड्याचं वाद्य, दोन काड्यांनी वाजवलेलं. सोबत मोठा ढोल आणि पितळी झांज. म्हणजे आपलंच त्रिकूट. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागलं, आणि तिथे पोचलेल्या मजुरांबरोबर हा ताशाही उसाच्या मळ्यांत गेला. त्या मजुरांतले बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. पुढच्या पिढ्यांची भोजपुरी जवळजवळ गेली. रोजच्या बोलण्यात ती आता उरलेली नाही. ताशा मात्र राहिला. मातीच्या वाडग्यावर बकरीचं कातडं ताणायचं आणि वाजवण्याआधी ते जाळावर शेकून चढवायचं, ही रीतही राहिली. तो टिकला कारण होसेच्या, म्हणजे मोहरमच्या, मिरवणुकीला तो लागत होता, लग्नाच्या वरातीला लागत होता. दर वर्षी कुणीतरी रस्त्यावर उतरून तो वाजवत होतं, आणि शेजारी चालणारं पोर बघत होतं.

आपली मुलं मराठी कमी बोलतात, अडखळत बोलतात, याची काळजी आपल्या प्रत्येक बैठकीत निघते. ती काळजी खरी आहे. पण आमच्या पथकातली एक पंधरा वर्षांची मुलगी इंग्रजीत मात्रा मोजते आणि तिचा हात कुणाही पुणेकराच्या तोडीचा आहे. परेडच्या दिवशी मधल्या थांब्यावर तिनं एका दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला धरून त्याचा ठोका सरळ केला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रांगेत तिच्या शेजारी चुकीचा ठोका पडत होता आणि तिला तो सहन झाला नाही.

मंडळाचं कौतुक करायचं तर ते याच कामाचं. कुणी आपलं गॅरेज वर्षभर ढोलांना देऊन स्वतःची गाडी बर्फात उभी करतं. ताशे भारतातून येणाऱ्यांच्या बॅगांत, कपड्यांत गुंडाळून आले. ढोल बॅगेत मावत नाहीत, ते वर्गणी काढून बोटीनं मागवले. परेडच्या दिवशी पाण्याच्या बाटल्यांची ढकलगाडी घेऊन पूर्ण रस्ता कडेनं चालणाऱ्या काकांना कुणाच्याच फोटोत जागा मिळत नाही. त्यांनी वेळेवर पाणी दिलं नसतं तर मागच्या दोन रांगा २७व्या रस्त्यापर्यंत पोचल्या नसत्या.

कार्यकारिणीला माझी मागणी साधी आहे. सरावाला नेहमीची जागा हवी. बागेत वाजवलं की शेजाऱ्यांच्या तक्रारी येतात आणि त्यांची बाजूही रास्त असते. वस्तीपासून दूर, रविवारी रिकामं असणारं एखादं वाहनतळ रीतसर परवानगीनं उन्हाळाभर मिळालं तर निम्मा प्रश्न सुटेल. दुसरं, ढोलाला माणसं पुष्कळ आहेत, ताशाला नाहीत. ताशा हाताला बसायला फार वेळ घेतो आणि तो बसल्याशिवाय पथक बोलत नाही. ताशा शिकायची इच्छा असलेल्यांनी पुढच्या परेडची वाट न पाहता आत्ता, हिवाळ्यातच सुरुवात करावी. घरात ताशा नसला तरी अडत नाही, उशीवर काड्या चालवता येतात. काड्या पथकाकडे आहेत.