बोकॅचिओची महामारी

बोकॅचिओच्या ‘डेकॅमेरॉन’ या कथाग्रंथाचा आरंभ म्हणजे १३४८ सालच्या फ्लॉरेन्समधील प्लेगचा अस्सल इतिहास होय, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो तपासून घेणे आम्हांस अवश्य वाटते.

१३४७ च्या ऑक्टोबरात काळ्या समुद्राकडून आलेल्या गलबतांबरोबर ही साथ सिसिलीत मेसिना येथे उतरली आणि पाचसहा वर्षांत युरोपातील निदान एकतृतीयांश माणसे तिने नेली. एकट्या फ्लॉरेन्समध्ये लाखावर माणसे दगावली, असे बोकॅचिओ लिहितो. परंतु त्या नगराची सारी वस्तीच लाखाच्या आसपास होती. शिवाय त्याच्या वर्णनाची ठेवण आठव्या शतकातील पॉल डीकन याच्या लाँबर्डांच्या इतिहासातून उचललेली आहे, हे पंडितांनी दाखविले आहे.

मग हे चित्र खोटे मानावे काय? मुळीच नाही. आईबापांनी मुले टाकली, असे बोकॅचिओ म्हणतो. सिएनाचा बखरकार अन्योलो दि तुरा हाही तेच सांगतो. पण त्याच ओघात आपली पाच मुले आपण स्वहस्ते पुरल्याचेही तो नमूद करतो. भय आणि माया एकाच नगरात नांदत होती. बोकॅचिओने भयाला झुकते माप दिले. कारण सात तरुणी व तीन तरुण यांना नगराबाहेर न्यावयाचे, तर मागचे नगर उजाड दिसणे कथेस प्राप्तच होते. इतिहासात जो दोष, तो येथे कथेच्या कामी आला आहे.

ते दहा जण पंधरवड्याने परततात. साथ मात्र संपत नाही. ती १३६१ च्या सुमारास पुन्हा आली व पुढे शतकानुशतके येत राहिली. १३७७ साली रॅगुसाने साथीच्या मुलखातून येणाऱ्यांस तीस दिवस अलग ठेवण्याचा कायदा केला; १४२३ साली व्हेनिसने एका बेटावर प्लेगचे रुग्णालय उघडले. तिच्या ओहोटीस अशा उपायांचा हातभार किती, याविषयी मतभेद आहेत. तथापि १७२० साली मार्सेयवर तिने मोठा घाला घातला, तो क्वारंटाइनचे नियम सैल केलेल्या एका गलबतातूनच, हे विसरून चालणार नाही.

अशा रुक्ष कायद्यांवर कोणी कथा रचीत नाही. यास्तव बोकॅचिओ अवश्य वाचावा. मात्र इतिहास हवा असेल तर अन्योलोची नोंद आणि रॅगुसाचा कायदा हीही शेजारी ठेवावीत, असे आमचे मत आहे.